लोवेल : मेरिमॅकच्या काठचे गिरणगाव

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवर, मेरिमॅक आणि कॉन्कॉर्ड या नद्यांच्या संगमापाशी लोवेल हे शहर आहे. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून सुटणारी लोकल पाऊण तासाच्या आसपास तेथे पोहोचते. स्टेशनापासून जुन्या शहराकडे निघाले की कालव्यांवरचे पूल लागू लागतात आणि पाण्याच्या कडेने लाल विटांच्या पाच-सहा मजली इमारतींच्या रांगा दिसतात. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,१५,५५४ होती. म्हणजे अमेरिकेच्या हिशेबाने हे मध्यम आकाराचेच गाव. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतले सर्वांत मोठे औद्योगिक केंद्र म्हणून लोवेलचे नाव घेतले जाई आणि युरोपातून आलेला पाहुणा नायगारा धबधब्याबरोबर हे शहरही पाहून जाई.

शहर येथेच का वसले, याचे उत्तर नदीत आहे. न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ भागातून दक्षिणेकडे येणारी मेरिमॅक येथे वळण घेते आणि पॉटकेट धबधब्यापाशी थोड्याच अंतरात सुमारे ३२ फूट खाली उतरते. वसंत ऋतूत सॅमन आणि शॅड जातीचे मासे समुद्रातून प्रवाहाविरुद्ध वर चढत तेव्हा या उतारापाशी त्यांची दाटी होई. पेनाकूक या मूळ रहिवासी जमातीचे लोक मासेमारीसाठी दरवर्षी येथे जमत. पॅसाकॉनवे हा त्यांचा नामांकित प्रमुख होता. सतराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत युरोपीयांबरोबर आलेल्या साथींनी या जमातींची वस्ती पार विरळ करून टाकली. पाठोपाठ इंग्रज वसाहतवाले आले. जॉन एलियट हा प्युरिटन धर्मोपदेशक १६४० च्या दशकात येथे प्रवचने देऊ लागला. १६५३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांसाठी वेमेसिट हे गाव राखून ठेवण्यात आले आणि त्याच्या शेजारी १६५५ मध्ये चेल्म्सफर्ड हे इंग्रजांचे गाव रीतसर स्थापन झाले.

हा शेजार फार काळ टिकला नाही. १६७५-७६ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये इंग्रज आणि मूळ रहिवासी यांच्यात ‘किंग फिलिपचे युद्ध’ पेटले. पॅसाकॉनवेचा मुलगा वॅनालॅन्सिट याने युद्धापासून अलिप्त राहण्याचा निर्णय घेतला आणि तो आपली माणसे घेऊन उत्तरेकडे निघून गेला. तरीही चेल्म्सफर्डच्या काही रहिवाशांनी वेमेसिटवर हल्ले केले. युद्धानंतर मूळ रहिवाशांच्या उरल्यासुरल्या जमिनी विकल्या गेल्या आणि अठराव्या शतकात वेमेसिटचा परिसर चेल्म्सफर्डमध्ये सामील झाला. पुढची शंभर वर्षे ‘ईस्ट चेल्म्सफर्ड’ म्हणजे शेतकऱ्यांची मोजकी घरे, एखाद-दुसरी लाकूड कापण्याची आणि पीठ दळण्याची गिरणी. वॅनालॅन्सिटचे नाव मात्र आज शहरातल्या एका जुन्या कापडगिरणीला आहे.

धबधब्याला वळसा घालणारा पहिला कालवा गिरण्यांसाठी नव्हता. न्यू हॅम्पशरच्या जंगलांतले इमारती लाकूड नदीतून वाहत समुद्राकाठच्या न्यूबरीपोर्टच्या जहाजबांधणी कारखान्यांकडे जाई. पॉटकेटच्या उतारावर ते अडके, आदळे, फुटे. म्हणून न्यूबरीपोर्टच्या व्यापाऱ्यांनी १७९२ मध्ये कंपनी काढली आणि चार वर्षांत पॉटकेट कालवा खणला. पण १८०३ मध्ये मेरिमॅकपासून थेट बॉस्टनपर्यंत जाणारा मिडलसेक्स कालवा खुला झाला, वाहतूक तिकडे वळली आणि पॉटकेट कालव्याच्या समभागांना गिऱ्हाईक उरले नाही. जेमतेम पंचवीस वर्षांत जुना झालेला हा कालवाच पुढे शहराच्या जन्माला कारण झाला.

ज्या माणसाचे नाव शहराला मिळाले, त्याने हे शहर कधी पाहिले नाही. फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा व्यापारी. १८१० ते १८१२ या काळात तो ब्रिटनमध्ये होता. कापडगिरण्यांची यंत्रे किंवा त्यांचे आराखडे देशाबाहेर नेण्यास ब्रिटिश सरकारची सक्त मनाई होती. लोवेलने मँचेस्टरच्या परिसरातल्या गिरण्या पाहिल्या, यंत्रमागाची रचना ध्यानात साठवली आणि परतल्यावर पॉल मूडी या कसबी यंत्रकाराच्या मदतीने स्वतःचा माग उभा केला. १८१४ मध्ये बॉस्टनजवळ वॉल्टहॅम येथे त्याची गिरणी सुरू झाली. कापूस पिंजण्यापासून कापड विणण्यापर्यंतची सगळी कामे तेथे एकाच छपराखाली यंत्रावर होऊ लागली. अमेरिकेत हे प्रथमच घडत होते. लोवेल १८१७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी वारला. त्याच्या भागीदारांना धंदा वाढवायचा होता, पण वॉल्टहॅमच्या चार्ल्स नदीत तेवढा जोर नव्हता. नेथन ॲपलटन आणि पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन या भागीदारांची नजर पॉटकेट धबधब्यावर गेली. १८२१ मध्ये त्यांनी गाजावाजा न करता जुन्या कालव्याचे समभाग आणि आसपासची शेते विकत घेतली. शेतकऱ्यांना बेत कळेपर्यंत जमिनीचे व्यवहार उरकलेही होते.

१८२२ मध्ये मेरिमॅक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि वर्षभरात तिच्या पाणचक्क्या फिरू लागल्या. कालवा रुंद करण्यासाठी ह्यू कमिस्की हा आयरिश मुकादम तीसेक मजुरांची टोळी घेऊन बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनहून चालत आला होता. गिरण्यांचा आणि गावाचाही कारभार कर्क बूट या व्यवस्थापकाकडे होता. रस्ते कोठून जातील, कामगारांची घरे कशी असतील, देऊळ कोणत्या पंथाचे असेल, हे सगळे त्यानेच ठरवले. त्याच्या आवडीच्या एपिस्कोपल पंथाचे सेंट ॲन चर्च उभे राहिले आणि त्याच्यासाठी इतर पंथांच्या कामगारांच्या पगारातूनही पैसे कापले गेले. १८२६ मध्ये गावाला ‘लोवेल’ या नावाने स्वतंत्र दर्जा मिळाला, १८३५ मध्ये बॉस्टनशी रेल्वेने जोडले गेले आणि १८३६ मध्ये ते शहर झाले. तोवर वस्ती सतरा हजारांवर गेली होती. हॅमिल्टन, ॲपलटन, सफोक, ट्रेमाँट, लॉरेन्स, बूट अशा एकामागून एक कंपन्या निघत गेल्या. नावे वेगळी असली तरी भांडवल बहुतांशी बॉस्टनच्या त्याच थोड्या घराण्यांचे होते. जमीन आणि कालवे यांची मालकी असलेली कंपनी गिरण्यांना जागा आणि यंत्रे विके, आणि पाण्याचे भाडे दरवर्षी वसूल करी. लोवेलमध्ये पाणी मोजून विकले जाई.

गिरण्यांना माणसे हवी होती, आणि इंग्लंडमधल्या गिरणीशहरांची बकाली अमेरिकेत नको, असे मालक उघड बोलून दाखवत. त्यांनी न्यू इंग्लंडच्या शेतकरी कुटुंबांतल्या अविवाहित मुली कामाला आणल्या. त्यातल्या बहुतेक पंधरा ते तीस वर्षांच्या होत्या. कोणी भावाच्या कॉलेजच्या खर्चासाठी आली, कोणी वडिलांचे कर्ज फेडायला, कोणी स्वतःच्या लग्नाच्या तयारीसाठी. कंपनीने बांधलेल्या घरांत त्या राहत. प्रत्येक घरावर एक प्रौढ, बहुधा विधवा, बाई देखरेख करी आणि तीच खानावळ चालवी. रात्री दहाला दार बंद होई, चर्चला जाणे सक्तीचे असे आणि वागणुकीबद्दल बोभाटा झाला तर नोकरी जाई. जेवणाखाण्याचे सुमारे सव्वा डॉलर वजा जाता आठवड्याला पावणेदोन-दोन डॉलर हाती पडत. त्या काळी बाईला घरकाम, शिवणकाम किंवा शिक्षकीत एवढी कमाई क्वचितच होई.

दिवस घंटेवर चाले. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला पहिली घंटा वाजे आणि संध्याकाळी सातच्या सुमारास सुट्टी होई. मध्ये न्याहारीला अर्धा तास, जेवणाला अर्धा तास, आणि तेवढ्यात घरी जाऊन परत यायचे. आठवड्याचे काम सरासरी ७३ तास भरे. सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवून हवेत ओल राखली जाई. तरंगणारे कापसाचे तंतू नाकातोंडात जात. कांडी बदलताना धोट्याच्या बारीक भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकच धोटा अनेकींच्या ओठांना लागे. क्षयाचा फैलाव आणि ही पद्धत यांचा संबंध पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आला. तरी असे धोटे मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने बंद व्हायला १९११ साल उजाडले.

एवढे काम करूनही या मुली रात्री व्याख्यानांना जात, फिरत्या ग्रंथालयाची वर्गणी भरत, लिहीत. १८४० ते १८४५ या काळात निघालेल्या ‘लोवेल ऑफरिंग’ या मासिकातले सारे लेखन गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांचे होते. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स येथे येऊन गेला आणि कामगारांच्या राहत्या घरांत पियानो असल्याची नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात आवर्जून केली. पाहुण्यांना जे दाखवले जाई त्यात संपांची हकिकत नसे. १८३४ च्या फेब्रुवारीत मालकांनी मजुरीत पंधरा टक्के कपात जाहीर केली तेव्हा सुमारे ८०० जणी काम सोडून रस्त्यावर आल्या. तो संप काही दिवसांत मोडला. १८३६ मध्ये खानावळीचा खर्च वाढवल्यावर झालेल्या संपात त्याच्या दुप्पट स्त्रिया उतरल्या. हा संप लांबला आणि काही कंपन्यांना माघार घ्यावी लागली. अकरा वर्षांची हॅरिएट हॅन्सन आपल्या खोलीतल्या घुटमळणाऱ्या मोठ्या मुलींच्या पुढे होऊन बाहेर पडली आणि सगळ्या तिच्यामागे निघाल्या. पुढे तिनेच त्या दिवसांच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या.

१८४० च्या दशकात मागणी बदलली. एका बाईकडे दोनाऐवजी तीन-चार माग आले, त्यांचा वेगही वाढला, पण मजुरी त्या प्रमाणात वाढली नाही. सारा बॅग्ली हिच्या पुढाकाराने स्त्री कामगारांची संघटना स्थापन झाली आणि दहा तासांच्या दिवसासाठी अर्जांवर हजारो सह्या गोळा झाल्या. १८४५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने समिती नेमून या स्त्रियांच्या साक्षी घेतल्या. कामगारांच्या स्थितीची अमेरिकेतली ही पहिली सरकारी चौकशी मानली जाते. समितीने दुःखे मान्य केली, पण कायदा करणे आपले काम नाही असे सांगून हात झटकले. समितीचा अध्यक्ष विल्यम स्कूलर लोवेलचाच आमदार होता. मतदानाचा हक्क नसलेल्या या स्त्रियांनी पुढच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध प्रचार केला आणि तो पडला. स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये झाला तो १८७४ मध्ये.

गिरण्या वाढल्या तशी पाण्याची ओढ लागली. हा प्रश्न सोडवला जेम्स फ्रान्सिस या इंग्लंडहून आलेल्या अभियंत्याने. १८३७ मध्ये, ऐन बाविशीत, तो कालव्यांच्या कंपनीचा मुख्य अभियंता झाला. त्याने नॉर्दर्न कालवा बांधला. पाणी किती वाहते ते अचूक मोजण्याच्या रीती बसवल्या. पाणचक्कीऐवजी वापरायच्या टर्बाइनवर प्रयोग करून ती इतकी सुधारली, की जलविद्युत केंद्रांत आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी टर्बाइन त्याच्याच नावाने ओळखली जाते. पॉटकेट कालव्याच्या तोंडाशी त्याने पुरापासून संरक्षणासाठी एक अवाढव्य लाकडी दार बांधून लोखंडी टांगणीला अधांतरी टांगून ठेवले. एवढा पूर येणारच नाही, असे म्हणत लोकांनी दाराला ‘फ्रान्सिसचा वेडेपणा’ ठरवले. दार १८५० मध्ये तयार झाले आणि १८५२ च्या एप्रिलमध्ये मेरिमॅकला मोठा पूर आला. पहाटे टांगणी तोडून दार खाली सोडण्यात आले आणि शहराचा मध्यभाग वाचला. १९३६ च्या महापुरात ते पुन्हा एकदा सोडावे लागले. ‘फ्रान्सिस गेट’ची ती जागा आजही पाहता येते.

१८५० च्या सुमारास सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या कालव्यांवर ४० गिरणी-इमारती, ३,२०,००० चात्या आणि जवळपास १०,००० माग चालत होते आणि दहा हजारांहून अधिक माणसे राबत होती. या सगळ्यांना पुरणारा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येई आणि तो गुलामांनी पिकवलेला असे. लोवेलमध्ये विणलेले जाडेभरडे स्वस्त कापड परत दक्षिणेत जाऊन त्याच गुलामांच्या अंगावर चढे. गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर गिरणीतल्या अनेक मुलींनी सह्या केल्या, पण मालकांचा हिशेब मळेवाल्यांशी घट्ट बांधलेला होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. १९ एप्रिल रोजी बॉल्टिमोरमध्ये जमावाच्या हल्ल्यात पहिले सैनिक मारले गेले. त्यात लोवेलच्या गिरण्यांत काम केलेले ल्यूथर लॅड आणि ॲडिसन व्हिटनी हे दोघे होते. नगरभवनासमोरचा उंच स्तंभ त्यांच्या स्मरणार्थ आहे. युद्ध लवकर संपेल अशा अंदाजाने बहुतेक कंपन्यांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकून गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगार देशोधडीला लागले.

याच युद्धाची दुसरी बाजू मुंबईने अनुभवली. अमेरिकेचा कापूस अडल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या, मुंबई बंदरात पैशाचा पूर आला आणि कंपन्यांच्या समभागांचा सट्टा बेफाम झाला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी त्याआधीच, १८५६ मध्ये, सुरू झालेली होती. गिरणगावाचा खरा विस्तार या तेजी-मंदीनंतरच्या दशकांत झाला.

लोवेलमध्ये युद्धानंतर गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण कामावर आलेली माणसे वेगळी होती. ज्या आयरिश मजुरांनी कालवे खणले त्यांना आरंभी गिरणीत प्रवेश नव्हता. ‘एकर’ नावाच्या भागात झोपड्या घालून ते राहत. १८४५ नंतरच्या दुष्काळाने आयर्लंडमधून लोंढे आले आणि मालकांना स्वस्त मजूर मिळाले. हॅमिल्टन कंपनीत १८३६ मध्ये परदेशी कामगार शंभरात चारही नव्हते, १८६० मध्ये ते साठाहून अधिक झाले. त्यांच्या पाठोपाठ क्वेबेकहून फ्रेंच भाषक कॅनेडियन आले. त्यांची ‘लिटल कॅनडा’ ही दाटीवाटीची वस्ती नॉर्दर्न कालव्याच्या बाजूला उभी राहिली. मग ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज, ज्यू आले. एकर भागात १९०८ मध्ये बांधलेले घुमटाचे ग्रीक चर्च आयरिश वस्तीवर ग्रीकांचा थर कसा चढला याची साक्ष देते. ‘ऑन द रोड’ या कादंबरीचा लेखक जॅक केरुॲक १९२२ मध्ये याच फ्रेंच-कॅनेडियन समाजात जन्मला. इंग्रजी तो शाळेत गेल्यावर शिकला. त्याच्या नावाचे उद्यान गावात आहे आणि तेथील शिळांवर त्याच्या लेखनातले उतारे कोरलेले आहेत.

उतरणीची कारणे वैभवाच्या काळातच रुजली होती. वाफेची इंजिने आल्यावर धबधब्याचे महत्त्व कमी झाले. समुद्रमार्गे येणारा कोळसा फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्ड या बंदरांना स्वस्त पडे. दक्षिणेच्या राज्यांत कापूस दाराशी, मजुरी कमी आणि कामगार संघटना दुबळ्या, म्हणून नवे भांडवल तिकडे गेले. लोवेलच्या भागधारकांनी लाभांश उचलला, पण जुनी यंत्रे बदलली नाहीत. १९२० मध्ये वस्ती १,१२,७५९ वर पोहोचली आणि त्याच दशकात गिरण्या पटापट मिटू लागल्या. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या कंपन्यांपैकी तीनच उरल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या सरकारी मागणीने थोडी उसंत मिळाली. १९५० च्या दशकात बूट आणि पाठोपाठ मेरिमॅक या गिरण्याही बंद झाल्या. शहराची पहिली गिरणी असलेल्या मेरिमॅकच्या इमारती, लिटल कॅनडा आणि कामगारांच्या जुन्या घरांच्या रांगा १९६० च्या दशकातल्या शहर-नूतनीकरणात जमीनदोस्त झाल्या. १९८० च्या जनगणनेत वस्ती ९२,४१८ पर्यंत घसरली.

कालवे बुजवून रस्ते करावेत असाही विचार चालू असताना पॅट्रिक मोगन या शिक्षकाने उलट मत मांडले. शहराचा गिरणीचा भूतकाळ लाजिरवाणा नाही, मुलांना तोच शिकवला पाहिजे आणि सारे शहरच शाळा मानले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. लोवेलचाच सुपुत्र पॉल सॉन्गस हा खासदार असताना त्याने हा विषय वॉशिंग्टनला नेला आणि जून १९७८ मध्ये लोवेल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने तोवर बहुधा अरण्ये, दऱ्या किंवा रणभूमी यांच्यासाठी असत. येथे गिरण्या, कालवे आणि मजुरांची घरे यांना तो मान मिळाला. त्याच सुमारास वँग लॅबोरेटरीज या संगणक कंपनीने शहरात मुख्यालय आणून हजारो नोकऱ्या दिल्या. १९९२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि एकाच धंद्यावर विसंबण्याचा धोका शहराला दुसऱ्यांदा कळला.

आज प्रवाशाने सुरुवात करायची ती मार्केट स्ट्रीटवरच्या माहिती केंद्रापासून. हे केंद्र एका जुन्या गालिचा-गिरणीतच आहे. उन्हाळ्यात तेथून ट्रॉली आणि कालव्यातल्या बोटी निघतात. बोट जुन्या जलपाशांतून वर-खाली होत फ्रान्सिस गेटपर्यंत जाते. घड्याळाचा मनोरा असलेल्या बूट गिरणीत १९९२ पासून संग्रहालय आहे. त्याच्या तळमजल्यावर विसाव्या शतकातले ऐंशीहून अधिक यंत्रमाग रांगेने मांडले आहेत आणि त्यातले काही रोज चालवले जातात. आत शिरण्यापूर्वी कानात घालायला बोळे दिले जातात. जमीन पायांखाली थरथरते, धोटे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आदळतात, पट्टे फिरतात आणि शेजारच्याला काही सांगायचे तर हातवाऱ्यांनीच सांगावे लागते. हे थोडेच माग असतात. पूर्वी अशा दालनात शेकडो असत. येथे विणलेले टॉवेल विक्रीला असतात. समोरच बूट कंपनीचे राहते घर जतन केले आहे. मुलींच्या खोल्या, सामायिक जेवणाचे टेबल, आणि नंतर आलेल्या प्रत्येक समाजाच्या वस्तू तेथे पाहता येतात. सफोक गिरणीत, म्हणजे आताच्या वॅनालॅन्सिट मिल्समध्ये, पाणी, टर्बाइन, पट्टे आणि माग हा शक्तीचा सारा प्रवास चालू स्थितीत उलगडून दाखवतात. उरलेल्या गिरण्यांत सदनिका, कचेऱ्या, चित्रकारांचे स्टुडिओ आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल शाखेचे विभाग आहेत. या शाखेचे एक मूळ १८९५ च्या वस्त्रोद्योग शाळेत आहे.

गिरण्या थांबल्या तरी बाहेरून माणसे येणे थांबले नाही. ख्मेर रूजच्या अत्याचारातून निसटलेले कंबोडियन निर्वासित १९८० च्या दशकात येथे आले आणि कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचनंतर त्यांची अमेरिकेतली सर्वांत मोठी वस्ती लोवेलमध्ये झाली. एकर आणि त्याच्या आसपासच्या भागात आता ख्मेर पाट्यांची दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. २०२२ मध्ये सोखारी चाऊ शहराचे महापौर झाले. अमेरिकेत या पदावर बसणारे ते पहिले कंबोडियन वंशाचे नागरिक. मेरिमॅकचे पाणी अजूनही पॉटकेटपाशी अडवले जाते. फरक एवढाच की त्या उतारावर आता माग चालत नाहीत, वीज तयार होते.